घरांच्या आधी शाळेची जागा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव हा आनंदाचा प्रसंग आहे, तसाच तो ताळेबंद मांडण्याचाही प्रसंग आहे. पन्नास वर्षांत आपण काय जमविले याचा हिशेब मागील पिढीला द्यावयाचा असतो आणि पुढील पन्नास वर्षांत काय करणार याचा संकल्प पुढील पिढीपुढे ठेवावयाचा असतो. संयोजकांनी मला 'समाज आणि शिक्षण' हा विषय दिला आहे. विषय सागरासारखा आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. उभे आयुष्य कापडाच्या दुकानात गेले. मुलांना कसे शिकवावे हे सांगण्याचा अधिकार या सभेत बसलेल्या शिक्षक बंधु-भगिनींचा आहे. परंतु शाळेची इमारत उभी कशी राहते, तिला जागा कोण देतो, पैसा कोठून येतो आणि कोठे अडतो, हा व्यवहाराचा भाग आहे. त्यावर दोन शब्द बोलण्याचे धाडस मी करीत आहे.

या विषयाला तातडीचे एक कारणही आहे. सुवर्णमहोत्सवी निधीचा विनियोग शिक्षणकार्यासाठी व्हावा, अशी सूचना आपल्यातील अनेकांनी केली आहे. आपल्या समाजाची स्वतंत्र इंग्रजी माध्यमाची शाळा काढावी, असे काहींचे मत आहे. गावातील व वाड्यांवरील सार्वजनिक शाळांना आधार द्यावा, असे काहींना वाटते. दोन्ही मतांमागे सद्भावना आहे. निर्णय विश्वस्त मंडळ आणि सर्वसाधारण सभा घेईल. त्यापूर्वी एक मोठे शहर आपल्या शाळा कशा उभारते, त्यात ते कोठे यशस्वी झाले आणि कोठे कमी पडले, हे पाहिले तर निर्णय डोळसपणे घेता येईल. ते शहर आपल्या लोकलच्या दुसऱ्या टोकाला आहे. अर्थातच मुंबई.

आपण म्हणाल, मुंबईचा प्रश्न मुंबईला; आपल्या तालुक्यांचा त्याच्याशी काय संबंध? संबंध असा की, मुंबई आता आपल्या दाराशी आली आहे. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि खालापूर तालुक्याचे रूप पालटू लागले. मुंबई महानगर प्रदेशात आपल्या दोन्ही तालुक्यांचा भाग समाविष्ट आहे. जानेवारी २०१३ मध्ये शासनाने नवी मुंबई विमानतळ प्रभावित क्षेत्र, म्हणजे ज्याला आपण 'नैना' म्हणतो, त्यासाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. त्या मूळ अधिसूचनेत खालापूर आणि कर्जत तालुक्यांतील गावेही होती. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्ग मंजूर झाला आणि चौकसारख्या गावाचा भाव रातोरात वाढला. नेरळ, भिवपुरी, कर्जत या स्थानकांभोवती शेते होती, तेथे इमारतींचे समूह उभे राहिले. जमीनविक्रीच्या जाहिरातींत तरणतलाव असतो, क्लब हाऊस असते, मंदिरही असते. सार्वजनिक शाळा मात्र क्वचितच दिसते.

आता थोडा हिशेब करू. नगररचनेच्या केंद्र शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत पाच हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक शाळा आणि तिच्यासाठी ०.४० हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जागा धरली आहे. त्यातील निम्मी इमारतीसाठी व निम्मी क्रीडांगणासाठी. एका गृहसंकुलात बाराशे सदनिका असतील आणि घरटी चार माणसे धरली, तर ४,८०० लोक झाले. म्हणजे असे एक संकुल पूर्ण भरले की एका प्राथमिक शाळेची गरज निर्माण होते. लोकसंख्येचा दहावा हिस्सा प्राथमिक वयाची मुले धरली तर ती ४८० होतात. त्यांपैकी निम्मी खासगी शाळेत गेली, तरी २४० मुले उरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या प्रमाणाने तीस मुलांमागे एक शिक्षक आणि एका शिक्षकामागे एक वर्गखोली धरली, तर आठ खोल्या हव्यात. हा माझा ढोबळ अंदाज आहे. परंतु अशी किती संकुले मंजूर झाली आणि त्यांच्यामागे किती शाळांची जागा राखली गेली, हा प्रश्न विचारण्यास तेवढा अंदाज पुरेसा आहे.

मुंबईने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विचारला होता. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६१ मध्ये महापालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांची यादी आहे. पाणी, गटारे, दिवाबत्ती यांच्या पंक्तीतच प्राथमिक शाळा चालविणे आणि त्यांना योग्य जागा देणे हे कर्तव्य आहे. पुढे नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. १९१२ मध्ये ते फेटाळले गेले. परंतु त्यातील विचार नाहीसा झाला नाही. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९२० साली मुंबई शहरासाठी प्राथमिक शिक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. शाळा बांधणे हे दानशूरांच्या मर्जीवर न सोडता नगराचे कर्तव्य मानण्याची परंपरा आपल्याकडे इतकी जुनी आहे.

जागेच्या बाबतीतही मुंबईत एक चांगला धडा घडला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. या ट्रस्टने दादर-माटुंग्याची वसाहत आखली. आखणी करताना रस्ते, बागा, मैदाने आणि शिक्षणसंस्था यांसाठी भूखंड आधी राखले गेले व घरे नंतर उठली. आजही पाच उद्यानांच्या परिसरात फिरताना चालत जाण्याच्या अंतरावर शाळा आणि महाविद्यालये दिसतात, ती त्या वेळच्या आखणीची पुण्याई आहे. आम्हां कापडवाल्यांचा साधा नियम आहे: आधी बेतावे, मग कात्री लावावी. अंगरखा शिवताना पाठ आणि छाती कापून झाल्यावर बाहीचे कापड शोधू लागलो तर ठिगळच लावावे लागते. दादर-माटुंग्यात कापड बेतले गेले. पुढे मुंबईच्या पुष्कळ भागांत ठिगळे लावण्याची वेळ आली.

याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे विकास आराखड्यात प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, क्रीडांगण यांची आरक्षणे दाखविली जातात. मुंबईचा पहिला आराखडा १९६७ मध्ये मंजूर झाला, दुसऱ्याची मंजुरी १९९१ पासून टप्प्याटप्प्याने मिळाली आणि २०३४ पर्यंतचा तिसरा आराखडा २०१८ साली अमलात आला. आराखड्यावर रंग भरला म्हणून जमीन ताब्यात येत नाही. त्यासाठी कलम १२६ प्रमाणे तीन मार्ग आहेत: मालकाशी करार करून मोबदला देणे, मोबदल्याऐवजी चटईक्षेत्र किंवा हस्तांतरणीय विकास हक्क देणे, अथवा भूसंपादन कायद्याने जमीन घेणे. तिन्हींपैकी काहीच झाले नाही तर कलम १२७ लागू होते. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीत संपादनाचे पाऊल पडले नाही, तर आरक्षण आपोआप संपते. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, पुढे बारा झाली आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर ती चोवीस महिने आहे.

बंधु-भगिनींनो, व्यापाऱ्याला हुंडीची मुदत समजावून सांगावी लागत नाही. शाळेचे आरक्षण ही समाजाच्या नावे काढलेली हुंडी आहे. मुदतीत वटविली नाही तर ती कागदाचा तुकडा होते. दरम्यान जमिनीचा भाव वाढत जातो, म्हणून जी जमीन पहिल्या वर्षी परवडली असती ती दहाव्या वर्षी परवडत नाही. मोकळ्या आरक्षित जागेवर झोपड्या उभ्या राहतात. त्यांत राहणाऱ्या कुटुंबांनाही निवारा हवाच असतो. मग शाळेसाठी त्यांचे पुनर्वसन करावयाचे, की शाळाच दुसरीकडे न्यावयाची, असा पेच पडतो. म्हणून मुंबईत शाळेची आरक्षणे आणि प्रत्यक्ष शाळा यांच्या संख्येत मोठी तफावत राहिली आणि एकाच इमारतीत सकाळ-दुपार अशा दोन सत्रांत, कधी दोन-तीन माध्यमांच्या शाळा भरविण्याची पद्धत रूढ झाली.

दुसरा धडा लोकसंख्येच्या स्थलांतराचा आहे. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या काळात गिरण्या बंद पडल्या, गिरणगावातील कुटुंबे उपनगरांत आणि आपल्या बदलापूर-कर्जतपर्यंत पांगली. मध्य आणि दक्षिण मुंबईतील महापालिका शाळांचे वर्ग ओस पडत गेले आणि गोवंडी-मानखुर्दसारख्या भागात वर्गात बसायला जागा पुरेना. इमारत एकीकडे, मूल दुसरीकडे. इमारत उचलून नेता येत नाही. म्हणून मुले कोठे वाढत आहेत याची मोजणी दरवर्षी व्हावी लागते.

या बाबतीत परदेशातील दोन पद्धती सांगण्यासारख्या आहेत. न्यूयॉर्क शहरात १९८८ साली शाळा बांधण्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. तेथे पाच वर्षांचा बांधकाम आराखडा तयार होतो आणि प्रत्येक शाळेची क्षमता किती व मुले किती याचा अहवाल दरवर्षी प्रसिद्ध होतो. कोणत्या भागात किती जागा कमी आहेत हे कोणत्याही पालकाला वाचता येते. कॅलिफोर्निया राज्यात १९८६ पासून नव्या बांधकामावर चौरस फुटामागे शाळेसाठी शुल्क घेण्याची तरतूद आहे. नव्या घरांमुळे मुले वाढतात, म्हणून शाळेचा काही भार नव्या घरांनीच उचलावा, असे हे तत्त्व आहे. आपल्याकडेही १९९२ पासून नगररचना कायद्यात विकास शुल्क आहे. परंतु त्यातील अमुक भाग शाळेसाठीच, अशी वाटणी नाही. रस्ता, गटार, उद्यान यांच्याबरोबर शाळेला रांगेत उभे राहावे लागते आणि लहान मुलाला रांगेत मागे ढकलणे सर्वांत सोपे असते.

आता पैशाकडे वळू. मुंबई महापालिकेचा शिक्षणाचा अर्थसंकल्प स्वतंत्र असतो. त्यास 'ई' अर्थसंकल्प म्हणतात. २०२३-२४ साली तो सुमारे ३,३४७ कोटी रुपयांचा होता. महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवीत आली आहे. २०२० नंतर 'मुंबई पब्लिक स्कूल' या नावाने केंद्रीय मंडळांशी संलग्न शाळाही तिने सुरू केल्या. या अर्थसंकल्पाचा मोठा भाग वेतन आणि निवृत्तिवेतनावर जातो, ते साहजिक आहे. शिक्षकाविना शाळा नाही. उरलेल्यातून नवी इमारत, पुनर्बांधणी आणि दुरुस्ती करावयाची असते. मुंबईत मालमत्ताकराच्या देयकातच महापालिकेचा शिक्षण उपकर आणि राज्याचा शिक्षण उपकर अशी वेगळी नोंद असते. राज्याचा शिक्षण उपकर १९६२ च्या कायद्याने आला. प्राप्तिकरावर २००४ साली दोन टक्के शिक्षण उपकर आला. आता आरोग्य व शिक्षण मिळून तो चार टक्के आहे. म्हणजे आपल्यापैकी प्रत्येक करदाता सार्वजनिक शाळेचा देणगीदार आहेच. फरक एवढाच की, देवळात दिलेल्या देणगीची पावती आणि विनियोग आपण विचारतो. येथे आपण विचारीत नाही.

मुंबईत निदान एक सोय आहे. घराला परवानगी देणारी आणि प्राथमिक शाळा चालविणारी संस्था एकच आहे. आपल्याकडे ही दोन कामे बहुतेक ठिकाणी दोन वेगळ्या कार्यालयांत होतात. बांधकामाची परवानगी कोठे नगरपरिषद, कोठे सिडको, कोठे नगररचना विभागाच्या अभिप्रायाने जिल्हा प्रशासन देते. ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा मात्र जिल्हा परिषद चालविते आणि तिचे मुख्यालय अलिबागला. नकाशा मंजूर करणाऱ्याच्या टेबलावर पटसंख्या नसते आणि पटसंख्या ठेवणाऱ्याच्या टेबलावर मंजूर नकाशा नसतो. यात कोणा अधिकाऱ्याचा दोष काढण्याचे कारण नाही. रचनाच तशी आहे. परंतु दोन वह्यांचा मेळ कोणी घातला नाही तर वर्षअखेरीस तूट कोठे आली हे कळत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेला खोली कशी मिळते, हेही थोडक्यात सांगतो. जुनी खोली धोकादायक ठरली तर प्रथम तांत्रिक तपासणी होऊन तिचे निर्लेखन मंजूर व्हावे लागते. मग नव्या खोलीचा प्रस्ताव, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश. निधीचे मार्ग अनेक आहेत: केंद्र व राज्य यांच्या ६०:४० वाट्याची समग्र शिक्षा योजना, जिल्हा नियोजन समिती, जिल्हा परिषदेचा स्वतःचा उपकर निधी, आमदार-खासदार निधी आणि २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कार्यावर करावयाचा खर्च. खोपोली-खालापूर पट्ट्यात कारखाने आहेत, त्यामुळे हा शेवटचा मार्ग आपल्याला परका नाही. नवी खोली बांधण्यास पैसा पुष्कळदा मिळतो, कारण तेथे कोनशिला बसते. गळके छप्पर, मोडकी खिडकी, पाण्याची टाकी, मुलींच्या स्वच्छतागृहाचे दार यांसाठी पैसा मिळत नाही, कारण तेथे नाव कोरता येत नाही.

वाणिज्याच्या भाषेत बोलायचे तर भांडवली खर्च होतो, घसाऱ्याची तरतूद होत नाही. आपण दुकानात यंत्र घेतले तर पहिल्या वर्षापासून घसारा धरतो. शाळेच्या इमारतीचा घसारा कागदावर नसला तरी आपल्या पावसात तो प्रत्यक्ष होत असतोच. माथेरानच्या पायथ्याचा पाऊस कौले, पत्रे आणि स्लॅब कशाचीच गय करीत नाही. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीने काय केले ते आपण पाहिले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यात अनेक शाळांची छपरे उडाली. आणि १६ जुलै २००४ ला तमिळनाडूतील कुंभकोणम येथे एका खासगी शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुलांचा जीव गेला. छप्पर गवती आणि बाहेर पडण्याची वाट अरुंद होती. शाळेची इमारत ही अभयदानाची जागा आहे, हे आपल्यासारख्या अहिंसाधर्मीयांना वेगळे सांगायला नको. मूल सकाळी आत गेले की संध्याकाळी सुखरूप बाहेर यावे, ही पहिली अट आहे, अभ्यास त्यानंतर.

येथे एक प्रश्न स्वाभाविक आहे आणि तो मला काही मित्रांनी विचारलाही आहे: "आपली मुले त्या शाळेत जात नाहीत, मग आपण त्यात का पडावे?" मी त्यांना नम्रपणे सांगतो, त्या शाळेत आपल्या दुकानातील नोकराची मुले जातात, गोदामातील हमालाची जातात, डोंगरावरून मोळी आणि भाजी घेऊन उतरणाऱ्या ठाकर आणि कातकरी बांधवांची जातात. आपला व्यवहार ज्यांच्या बळावर चालतो त्यांची ही मुले आहेत. आणि आपल्या पूर्वसूरींनी असा भेद केलेला नाही. प्रेमचंद रायचंद हे सुरतेच्या जैन कुटुंबातले. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी आणि राजाबाई टॉवरसाठी त्यांनी १८६४ साली मिळून चार लाख रुपये दिले. ते ग्रंथालय सर्वांसाठी होते. कर्मवीर भाऊराव पाटील हे कुंभोजचे, जैन घराण्यात जन्मलेले. कोल्हापुरात शिकत असताना ते जैन वसतिगृहात राहिले. परंतु त्यांनी स्वतः १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, ती सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी. लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासकट, दिले. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान या चार दानांपैकी एकाही दानात घेणाऱ्याची जात विचारलेली नाही.

स्वतंत्र शाळा काढण्याच्या सूचनेचा मी अनादर करीत नाही. परंतु तिचा खर्च एकदा इमारत बांधून संपत नाही. जमीन, इमारत, मान्यता, शिक्षकांचे वेतन, दरवर्षीची तूट, यांचा विचार केला तर आपला निधी बहुधा एकाच शाळेत आणि तेथील शुल्क परवडणाऱ्या मुलांपुरता गुंतून पडेल. तोच निधी सार्वजनिक शाळांच्या पाठीशी योजनापूर्वक उभा केला, तर त्याचे फळ दोन तालुक्यांतील अनेक मुलांना मिळेल. त्याचवेळी एक पथ्य पाळले पाहिजे. शासनाचे जे कर्तव्य आहे ते आपण आपल्या शिरावर घेऊन शासनाला मोकळे करू नये. आपला पैसा शासनाच्या पैशाच्या जागी न जाता त्याच्या जोडीला गेला पाहिजे.

यासाठी विश्वस्त मंडळापुढे चार सूचना ठेवतो.

पहिली सूचना, शाळांच्या जागांची एक वही तयार करावी. दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक सार्वजनिक शाळेची जागा सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर कोणाच्या नावे आहे, हे तपासावे. पूर्वी गावातील कोणी भल्या माणसाने तोंडी जागा दिली, शाळा उभी राहिली, पण कागद झाला नाही, अशी उदाहरणे अनेक ठिकाणी असतात. जमिनीला भाव नव्हता तोवर प्रश्न नव्हता. आता तिसऱ्या पिढीचा वारस सातबारा घेऊन उभा राहिला तर शाळेने काय दाखवायचे? बक्षीसपत्र आणि मोजणी यांचा खर्च ट्रस्टने उचलावा. एका खोलीच्या खर्चात अनेक शाळांच्या जागा कायमच्या सुरक्षित होतील.

दुसरी सूचना, प्रारूप विकास आराखडा किंवा नगररचना परियोजना प्रसिद्ध होते तेव्हा हरकती व सूचनांसाठी मुदत असते. त्या वेळी शाळेचे आरक्षण आहे काय, ते नदीच्या पूररेषेत किंवा उतारावर टाकले आहे काय, हे पाहून लेखी सूचना द्यावी. नगररचना परियोजनेत सर्वांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, शाळा, मैदाने यांची वजावट सर्वांवर प्रमाणात टाकतात. एकाच शेतकऱ्याची संपूर्ण जमीन शाळेसाठी जाण्यापेक्षा भागीदारीतील तोट्याप्रमाणे वाटा सर्वांनी उचलणे न्याय्य आहे. अर्थात परतीच्या भूखंडाबाबत शेतकऱ्यांच्या शंका आहेत आणि त्यांचे समाधान झालेच पाहिजे. आपल्यापैकी जे जमीन आणि बांधकामाच्या व्यवसायात आहेत, त्यांना माझी विशेष विनंती आहे. मोठ्या अभिन्यासात जो सुविधा भूखंड सोडावा लागतो, तो कोपऱ्यातला खड्डा न देता शाळा बसेल असा द्या आणि त्याचे हस्तांतर वेळेत करा.

तिसरी सूचना, सुवर्णमहोत्सवी निधीचा मोठा भाग मुदतठेवीत ठेवून त्याच्या व्याजातून शाळा-दुरुस्ती निधी चालवावा. दरवर्षी एप्रिलमध्ये पाहणी, मे महिन्यात छप्पर, गटार आणि स्वच्छतागृहांची कामे आणि जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी पूर्तता. मुद्दल कायम राहील आणि पन्नास वर्षांनी शताब्दी साजरी करणाऱ्यांच्या हाती तो निधी असेल. यासाठी आपल्या न्यासपत्रातील उद्देशांत हे कार्य बसते काय, हे प्रथम तपासून घ्यावे.

चौथी सूचना, जेथे खोली बांधूनच द्यावयाची असेल तेथे जिल्हा परिषदेच्या अभियांत्रिकी विभागाकडून आराखडा मंजूर करून, लेखी करार करून, पूर्ण झाल्यावर शाळेच्या मालमत्ता नोंदवहीत नोंद होईपर्यंत पाठपुरावा करावा. नोंद नसलेली देणगीची खोली पुढे अनाथ होते. तिला दुरुस्तीही मिळत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. जागा कोणती आणि गरज कोणती हे त्यांना विचारूनच ठरवावे. आणि वाडीवरची दहा-पंधरा मुलांची शाळा लहान म्हणून तिच्याकडे पाठ फिरवू नये. शिक्षण हक्काच्या नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे, ते अशाच मुलांसाठी. पावसाळ्यात ओढा ओलांडणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला स्थानकाजवळच्या मोठ्या इमारतीचा उपयोग नाही.

मित्रहो, मुंबईजवळ पैसा होता, कायदा होता, तज्ज्ञ होते. तरीही अनेक भागांत शाळेला जागा मिळाली नाही, कारण जागा राखण्याची वेळ निघून गेली. आपल्याजवळ मुंबईइतका पैसा कधीच असणार नाही. मात्र मुंबईने जी गमावली ती वेळ आज आपल्या हाती आहे. चौकच्या, नेरळच्या आणि खालापूरच्या माळावर अजून मोकळी जमीन दिसते. ती आणखी दहा वर्षे तशी दिसेल याची खात्री नाही. ज्या जमिनीवर उद्या हजारो घरे उठणार आहेत, तिच्यातला एक एकर मुलांसाठी आज राखला जावा, यासाठी या ट्रस्टने आपला शब्द, आपला वेळ आणि आपली पत खर्च करावी, अशी माझी नम्र प्रार्थना आहे.